पाऊण सेकंद आधी आलेलं ‘नाही’: एका हॉरर कॉमेडीच्या प्रीमियरचं प्रकरण

हे प्रकरण काही वर्षांपूर्वीचं. नावं, गाव, फेस्टिव्हल, लॅब सगळं काढून टाकलंय आणि सिनेमाची गोष्टही थोडी फिरवलीय, पण घोळ जसा झाला तसाच लिहिलाय. मी त्या सिनेमाचं पोस्ट-प्रॉडक्शन सांभाळत होते, म्हणजे शेवटी काहीही बिघडलं की सगळे जिच्याकडे वळून बघतात ती मी.

पार्श्वभूमी

सिनेमा ९८ मिनिटांचा, डायरेक्टरचा पहिलाच. एक भोंदू माणूस लोकांच्या घरातली भुतं घालवून देतो म्हणून पैसे उकळत असतो, स्वतःचा भुतांवर काडीचा विश्वास नसतो, आणि एका घरात त्याला खरंच भूत भेटतं, जे माणसांना घाबरतं. तेविसाव्या मिनिटाला तो एका कपाटासमोर उभा राहतो, हात थरथरतोय, आणि हळूच विचारतो, “आत कोणी आहे का?” मग सहा सेकंद काहीच नाही. म्युझिक नाही, घड्याळाची टिकटिक नाही, श्वाससुद्धा नाही. आणि आतून एकदम बारीक आवाज येतो, “नाही.”

पूर्ण सिनेमा त्या एका ‘नाही’वर उभा आहे असं आमच्याकडे सगळे म्हणायचे. तिथे प्रेक्षक दचकतो पण आणि हसतो पण, एकाच श्वासात. हॉरर आणि कॉमेडी दोन टोकं वाटतात पण एडिटिंग टेबलवर बसलं की कळतं दोन्हींचं यंत्र एकच आहे, माणसाला ताटकळत ठेवायचं, तो एक अंदाज बांधतो, आणि मग बरोबर क्षणाला तो अंदाज मोडायचा. क्षण चुकला तर भीतीही नाही आणि हसूही नाही, नुसतं एक कपाट. साधी सोशल ड्रामा फिल्म असती तर पुढचं सगळं घडूनही कोणाच्या लक्षात आलं नसतं, हे मी आजही म्हणते.

प्रीमियरसाठी आमच्याकडे दोन आमंत्रणं होती. एक मोठा, सगळ्या प्रकारचे सिनेमे दाखवणारा फेस्टिव्हल, रात्री साडेनऊचा शो, सातशे सीटचा हॉल. दुसरा छोटा, फक्त भयपट-फँटसीवाला, सहा आठवड्यांनी, मध्यरात्रीचा शो. वर्ल्ड प्रीमियर एकदाच होतो, एकाला दिला की दुसऱ्याकडे तो शब्द वापरता येत नाही, आणि दोघांनाही तोच हवा होता. आमच्या एडिटरदादांचं मत पहिल्यापासून छोट्याकडे होतं. त्यांचं म्हणणं असं की या प्रकारच्या सिनेमाला गर्दीपेक्षा योग्य गर्दी लागते, स्पेनमधला सिट्जेससारखा फेस्टिव्हल १९६८ पासून याच जातीच्या सिनेमांवर चालतोय आणि टोरंटोच्या फेस्टिव्हलने १९८८ मध्ये मिडनाइट मॅडनेस हा मध्यरात्रीच्या शोंचा वेगळा विभाग काढला तो काही उगाच नाही, रात्री बाराला येणारा प्रेक्षक ओरडायलाच आलेला असतो, त्याला हसायची परवानगी द्यावी लागत नाही. प्रोड्युसर सरांचं म्हणणं की विकत घेणारे लोक मोठ्या फेस्टिव्हलला येतात आणि आपल्याला सिनेमा विकायचाय. दोघांचंही खरं होतं. आम्ही मोठा घेतला, आणि मी तेव्हा सरांच्या बाजूने होते हे आत्ताच सांगून टाकते.

अडचण

फेस्टिव्हलने आम्हाला टेक्निकल चेकसाठी वीस मिनिटं दिली होती, शोच्या आदल्या रात्री सगळे शो संपल्यावर, पहाटे दोनच्या सुमारास. वीस मिनिटांत पूर्ण सिनेमा बघता येत नाही, त्यामुळे ठरलेल्या जागा बघतात. सुरुवात, एखादा अंधारा सीन, सगळ्यात मोठा आवाज कुठे आहे तो, सबटायटल्स दिसतायत का, शेवटची क्रेडिट्स. हॉलमध्ये आम्ही तिघं, प्रोजेक्शनिस्ट वर केबिनमध्ये आणि त्याची असिस्टंट मुलगी खाली आमच्याबरोबर, आवाज ऐकायला. तिला सिनेमाची भाषा येत नव्हती, ती इंग्रजी सबटायटल्स वाचत होती.

कपाटाचा सीन लावला. “आत कोणी आहे का?” शांतता. आणि ती मुलगी फिस्सकन हसली. मग कपाटातून आवाज आला, “नाही.”

डायरेक्टर माझ्याकडे वळून म्हणाली, “ताई, हिला आधीच कसं कळलं?”

परत लावला. या वेळी मी पडद्याच्या खालच्या पट्टीकडेच बघत बसले. सबटायटल आवाजाच्या बरंच आधी येत होतं. पाऊण सेकंद तरी. भूत बोलायच्या आधी पडदाच बोलून मोकळा. आणि मजा म्हणजे त्याच्या आधीची ओळ, “आत कोणी आहे का?” ही एकदम बरोबर वेळेवर होती.

पहिला संशय आवाजावर, की साउंड मागे पडलाय. पण दार आपटण्याचा शॉट बघितला तर दार आणि आवाज एकत्र. म्हणजे साउंड ठीक, सबटायटल्सच पुढे पळतायत, आणि ती पण सगळी सारखी नाहीत. काही बरोबर, काही थोडी आधी, काही खूप आधी. सगळी सारखी आधी असती तर कारण सोपं होतं. एक ओळ बरोबर आणि पुढची पाऊण सेकंद आधी, हे काय आहे तेच कळेना. वीस मिनिटं संपली, लाइट लागले.

कारण सापडलं ते हॉलच्या बाहेर पायऱ्यांवर बसून, लॅपटॉपवर. डीसीपी, म्हणजे थिएटरच्या सर्व्हरवर चालणारं सिनेमाचं पॅकेज, त्यात सबटायटल्स बहुतेक वेळा चित्रावर छापलेली नसतात, वेगळ्या फाइलमध्ये असतात आणि कुठली ओळ कधी यायची त्याची वेळ लिहिलेली असते. आमचं पॅकेज जुन्या पद्धतीचं होतं, ज्याला इंटरॉप म्हणतात, कारण ते जुन्या सर्व्हरवर पण चालतं. त्यात वेळ लिहिताना तास, मिनिट, सेकंद झाल्यावर जो शेवटचा आकडा येतो तो फ्रेमचा, म्हणजे सिनेमातल्या एकेका चित्राचा, नसतो, टिकचा असतो. एक टिक म्हणजे ४ मिलिसेकंद, सेकंदाला २५० टिक. आणि आमच्या सबटायटलच्या लिस्टमध्ये तो आकडा फ्रेमचा होता, सेकंदाला २४. डीसीपी बनवून देणाऱ्या लॅबमध्ये कोणीतरी फाइल बदलताना तो आकडा न बदलता तसाच टाकला होता.

म्हणजे ‘नाही’ ही ओळ सेकंदाच्या २१व्या फ्रेमला यायची होती, ८७५ मिलिसेकंदांवर. सर्व्हरने ते २१ टिक समजून घेतले, ८४ मिलिसेकंद. फरक ७९१ चा. आणि ज्या ओळी सेकंदाच्या अगदी सुरुवातीला येत होत्या, शून्य फ्रेम, एक फ्रेम, त्या बरोब्बर वाटत होत्या, कारण शून्य काय फ्रेमचा असो की टिकचा, शून्यच. म्हणून काही ओळी ठीक आणि काही पळालेल्या. चार-पाच ठिकाणी सँपल बघून सोडून दिलं तर नशिबाने सगळ्या ठीक वाटू शकतात, आणि लॅबच्या चेकिंगमध्ये बहुतेक तेच झालं. बघणाऱ्याला सिनेमाची भाषा येत नसेल तर ओळ थोडी आधी आली का नंतर हे त्याला कळणार तरी कसं?

पर्याय

पहाटेचे तीन वाजले होते, शो रात्री साडेनऊला. साडेअठरा तास.

सरांचं पहिलं वाक्य: “राहू दे.” ते चिडून नव्हते म्हणाले, शांतपणे म्हणाले, की आत्ता चालतंय ना, चालणाऱ्या गोष्टीला शेवटच्या दिवशी हात लावला आणि शोला पडदा काळा राहिला तर? हा पर्याय ऐकायला आळशी वाटतो पण तो गंभीर पर्याय आहे. अर्धा सेकंद चुकलेला जोक आणि न चालणारा सिनेमा यात कोणीही पहिलाच घेईल. प्रश्न हा होता की खरंच या दोनमधूनच निवडायचंय का.

दुसरा पर्याय लॅबच्या रात्रपाळीवाल्याने फोनवर सुचवला, सगळी सबटायटल्स सरसकट अर्धा सेकंद पुढे ढकलू. पाच मिनिटांचं काम. पण चूक सरसकट नव्हतीच. असं केलं असतं तर ज्या ओळी बरोबर होत्या त्या अर्धा सेकंद उशिरा आल्या असत्या आणि ‘नाही’ तरीही पाव सेकंद आधीच राहिलं असतं. सरासरी सुधारली असती, सिनेमा नाही. हा पर्याय मला सगळ्यात धोकादायक वाटला, कारण तो केल्यावर आपण काहीतरी केलं असं वाटून सगळे झोपायला गेले असते.

तिसरा डायरेक्टरचा. फेस्टिव्हलमध्ये कधी कधी पडद्याखाली वेगळी पट्टी लावून त्यावर ओळी हाताने सोडतात, एक ऑपरेटर बसतो आणि संवाद ऐकत बटण दाबतो. ती म्हणाली मी स्वतः ऑपरेटरशेजारी बसते, खांद्यावर हात ठेवते, बरोबर क्षणाला दाबायला सांगते. नाटकवाली आहे ती मुळात, तिला हे मनापासून आवडलं होतं. पण साधारण अकराशे ओळी, रिहर्सल नाही, आणि जिचा पहिला प्रीमियर आहे ती बाई ९८ मिनिटं बटणाकडे बघत बसणार. शिवाय पट्टीची सोय त्या हॉलमध्ये होती का हेही पहाटे तीनला विचारणार कोणाला.

चौथा, डीसीपी सोडून साध्या व्हिडिओ फाइलवरून दाखवायचं, आमच्याकडे छापलेल्या सबटायटल्सची एक बॅकअप होती. त्यात टायमिंग बरोबर होतं. पण त्यात आवाज साधा स्टीरिओ आणि चित्र कम्प्रेस केलेलं, अंधाऱ्या सीनमध्ये काळ्याचे चौकोन दिसायचे, आणि भुताच्या सिनेमात अर्धा वेळ अंधारच असतो.

पाचवा माझा. मूळ पॅकेज तसंच ठेवायचं, १३० जीबीला हात लावायचा नाही, आणि फक्त सबटायटल्सची एक नवीन छोटी आवृत्ती बनवायची. डीसीपीमध्ये ही सोय असते, चित्र आणि आवाज मूळ पॅकेजमधले घेते आणि सबटायटल्स स्वतःच्या आणते, साइज इतकी छोटी की मेलवर पाठवता येते. (आमच्या असिस्टंटने मध्येच विचारलं, फाइल नोटपॅडमध्ये उघडून आकडे बदलले तर? नाही होत. प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला खुणेचा आकडा, पॅकेजच्या यादीत लिहिलेला असतो, एक अक्षर बदललं तरी सर्व्हर फाइल घ्यायला नकार देतो. पण प्रश्न चांगला होता.)

फेस्टिव्हलच्या टेक्निकल मॅनेजरला सकाळी सातला गाठलं. तो माणूस त्या दिवशी आमच्यासाठी देवमाणूस ठरला, पण अटी घालून. नवीन पॅकेज दुपारी तीनच्या आत सर्व्हरवर, जुनं काढायचं नाही, ते बॅकअप म्हणून तिथेच राहणार, आणि शोच्या आधी नवीन एकदा चालवून बघितल्याशिवाय तो ते लावणार नाही, चालवायला वेळ मिळाला नाही तर जुनंच लागेल, मग माझ्याकडे बघून रडायचं नाही. या तिसऱ्या अटीवर सर पटले. निर्णय ‘बदलायचं की नाही’ असा राहिलाच नाही, ‘बदल सिद्ध झाला तर लावू, नाहीतर आहे ते आहे’ असा झाला. हे आम्हाला स्वतःला सुचायला पाहिजे होतं.

काय केलं

लॅब जिथे होती तिथे तोपर्यंत ऑफिस उघडलं होतं. त्यांनी चूक नाकारली नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. मी लिस्टमधल्या दहा ओळी निवडून दिल्या, प्रत्येकीचा फ्रेम नंबर, मिलिसेकंद किती यायला पाहिजेत आणि टिक किती, हाताने काढून, म्हणजे ‘नाही’साठी २१ फ्रेम, ८७५ मिलिसेकंद, २१९ टिक असं. त्यांना म्हटलं तुमच्या नवीन फाइलमध्ये हे दहा आकडे जुळले तरच पाठवा. साडेबाराला पॅकेज मेलवर आलं, एकला सर्व्हरवर चढलं, मी जेवायला गेले.

जेवायला जाणं ही चूक होती.

कारण चावी. सिनेमा चोरीला जाऊ नये म्हणून डीसीपी बऱ्याचदा एन्क्रिप्ट केलेलं असतं, आमचंही होतं, आणि ते उघडायला केडीएम नावाची चावी लागते. ती चावी एका ठराविक सर्व्हरसाठी, एका ठराविक वेळेपुरती आणि एका ठराविक प्लेलिस्टसाठी, म्हणजे कुठलं चित्र, कुठला आवाज, कुठली सबटायटल्स लावायची त्या यादीसाठी, बनते. नवीन सबटायटल्स म्हणजे नवीन प्लेलिस्ट, नवीन आयडी, आणि जुनी चावी तिला चालत नाही, जरी आतलं चित्र तेच असलं तरी. मला हे माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर पूर्ण मार्क मिळाले असते. पण पहाटेपासून डोकं टिकमध्ये अडकलं होतं आणि लॅबला वाटलं चावी आम्ही मागू आणि आम्हाला वाटलं पॅकेजबरोबर येईल.

चार चाळीसला दोन शोंच्या मध्ये मॅनेजरने नवीन पॅकेज लावून बघितलं आणि मला मेसेज केला, फक्त स्क्रीनचा फोटो. लाल कुलूप.

लॅबला फोन. नवीन चावी बनवायला वेळ लागत नाही, पण बनवणारा माणूस जागेवर लागतो. तेव्हाच बरं सुचलं म्हणून चावीची मुदतही बघितली, जुनी रात्री साडेअकरापर्यंतच होती. सिनेमा ११ वाजून ८ मिनिटांनी संपणार, म्हणजे बावीस मिनिटांची उशी, आणि फेस्टिव्हलमध्ये आधीच्या शोचे प्रश्नोत्तर लांबले की अर्धा तास सहज जातो. नवीन चावी सकाळी सहापर्यंत मागितली. पाच पंचवीसला आली. पण त्यानंतर हॉल थेट आठ पन्नासला रिकामा होणार होता.

मधल्या वेळात दुसरा एक वाद झाला, आवाजाचा. थिएटरच्या साउंड प्रोसेसरवर ७ हा रेफरन्स आकडा असतो, मिक्सिंग स्टुडिओत आपण त्याच लेव्हलला ऐकत असतो. हा हॉल आठवडाभर साडेपाचवर चालला होता, कारण कोणीतरी तक्रार केली होती. साडेपाच म्हणजे जवळपास ५ डेसिबल खाली. ड्रामाला चालून जातं. आमच्या सिनेमात अडचण मोठ्या आवाजाची नव्हती, बारीक आवाजाची होती, ते ‘नाही’ इतकं हळू मिक्स केलं होतं की साडेपाचला एसीच्या घरघरीत बुडालं असतं. आम्ही ७ मागितले, ते ६ म्हणाले, दहा मिनिटं घासाघीस करून साडेसहावर ठरलं. मॅनेजरला मी पटवलं नाही, त्याच असिस्टंट मुलीने पटवलं. ती म्हणाली, रात्री रिकाम्या हॉलमध्येच मला ते जेमतेम ऐकू आलं, सातशे माणसं आवाज शोषून घेतील आणि खोकतील ते वेगळंच.

आठ बावन्नला कपाट लावलं. बाहेर रांग लागलेली, दारावरचे स्वयंसेवक घड्याळ दाखवतायत. “आत कोणी आहे का?” शांतता. कोणी हललं नाही. “नाही,” आणि त्याच क्षणी पट्टीवर ओळ. असिस्टंट हसली. बरोबर जागी हसली. मॅनेजर केबिनमधून अंगठा दाखवून आत गेला.

शो

शो आठच मिनिटं उशिरा सुरू झाला. निवेदकाने फेस्टिव्हलच्या पुस्तिकेतला मजकूर वाचला, ज्यात सिनेमा ‘एकटेपणा आणि स्मृती यांवरचं अस्वस्थ करणारं चिंतन’ होता. चुकीचं नव्हतं ते, पण हॉलमधले निम्मे लोक तिथेच सावरून, पाठ ताठ करून बसले. डायरेक्टरला माइक मिळाला तेव्हा तिने लिहून आणलेलं भाषण दुमडलं आणि म्हणाली, “हसू आलं तर हसा. भीती वाटली तर शेजारच्याचा हात धरा, फक्त आधी विचारून.” थोडे लोक हसले. पुरेसे नव्हते.

पहिली वीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. जोक येतोय, जातोय, कुठेतरी एक खुदकन, की लगेच गप्प, जसं देवळात हसू आल्यावर माणूस दाबतो तसं. मोठ्या हॉलमध्ये कोणालाच पहिलं हसायचं नसतं. एडिटरदादा माझ्या डावीकडे, ते प्रत्येक न आलेल्या हशाला गुडघ्यावर बोट आपटत होते.

मग कपाट.

“नाही”वर जे झालं त्याला हशा म्हणणं कमी आहे. पुढच्या रांगेतून एक किंकाळी आली, ती ऐकून मधले हसले, त्यांचं ऐकून बाल्कनी, आणि हसू लाटेसारखं मागे जाऊन परत पुढे आलं. त्यानंतर सिनेमा आमच्या हातात होता. लोकांना कळलं इथे हसायचंय.

फक्त एक झालं. तो हशा सात-आठ सेकंद चालला. आमच्या टेस्ट स्क्रीनिंगला तीस जण होते, तिथे दोन सेकंद टिकला होता आणि एडिटमध्ये जागा तेवढीच ठेवलेली. पुढच्या दोन ओळींत भूत सांगतं की ते या घरात मेलेलंच नाही, दुसरीकडून पळून आलंय, आणि शेवटचा सगळा उलगडा त्यावर अवलंबून आहे. त्या दोन्ही ओळी हशात वाहून गेल्या. ज्यांना भाषा येत नव्हती त्यांनी त्या सबटायटलमध्ये वाचल्या. ज्यांना भाषा येत होती ते पट्टीकडे बघतच नव्हते.

प्रश्नोत्तरांत एका बाईंनी आमच्याच भाषेत विचारलं, शेवट छान आहे पण भूत दुसऱ्या घरी का गेलं ते काही कळलं नाही. त्यांच्या शेजारचा परदेशी माणूस त्यांना इंग्रजीत समजावायला लागला. आख्खा हॉल परत हसला, त्या बाईही हसल्या. आम्हीही हसलो, दादा सोडून.

आणि बाविसाव्या मिनिटाला एक, नंतर तीन, अशा चार ओळी चक्क उशिरा आल्या. जवळपास अर्धा सेकंद. हे कुठून आलं ते मला हॉलमध्ये बसल्या बसल्याच आठवलं आणि तेव्हा खुर्चीत आणखी खाली सरकले.

पुन्हा असं आलं तर

त्या चार ओळी. प्रीमियरच्या तीन आठवडे आधी डायरेक्टर लॅबमध्ये जाऊन डीसीपी अर्धा तास बघून आली होती आणि म्हणाली होती, चार सबटायटल्स जरा आधी येतायत. मी काय केलं? लिस्ट उघडली, त्या चार ओळी दहा-बारा फ्रेम पुढे ढकलल्या, लॅबला पाठवल्या, त्यांनी परत फाइल बनवली, तिने त्या चार बघितल्या, ठीक म्हणाली, विषय संपला. जे ओरडत होतं त्याच्या तोंडावर पट्टी मारली आणि का ओरडतंय ते विचारलंच नाही. आमच्या लिस्टमध्ये त्या ओळी बरोबर होत्या, मग पडद्यावर आधी का येतायत, हा एक प्रश्न तेव्हा विचारला असता तर पायऱ्यांवरची रात्र झालीच नसती. आणि खरी चूक दुरुस्त झाल्यावर माझी ती मलमपट्टी उघडी पडली, त्या चारच ओळी चुकीच्या राहिल्या. लॅबची चूक होती हे खरं, पण तिला तीन आठवडे मी सांभाळली.

सबटायटल्स आम्ही सगळ्यांनी बघितली होती, पण लिंकवर, लॅपटॉपवर, जिथे वेळ बरोबर होती. जे पॅकेज प्रत्यक्ष पडद्यावर जाणार ते पहिल्यापासून शेवटपर्यंत, आवाजासकट, भाषा येणाऱ्या माणसाने कधीच बघितलं नव्हतं. ९८ मिनिटांचा खर्च होता तो. आता मी दोन माणसं बसवते, एक भाषा येणारा आणि एक न येणारा, आणि न येणारा कधी हसतो ते बघते.

मोठा फेस्टिव्हल घेतला ते चुकलं का, यावर आमच्यात आजही एकमत नाही. सिनेमा तिथेच विकला गेला, म्हणून सर म्हणतात बरोबर. दादा म्हणतात पहिली वीस मिनिटं मध्यरात्रीच्या प्रेक्षकांसमोर फुकट गेली नसती. माझं मत मधलं आहे आणि कोणालाच आवडत नाही: फेस्टिव्हल ठीक होता, पुस्तिकेतला मजकूर आम्ही न वाचता मंजूर केला ती चूक. मेलवर आला होता, सबटायटलच्या लिस्टच्याच दिवशी.

राहिलं कपाट. पुढच्या शोसाठी डायरेक्टरला हशानंतर चार सेकंद वाढवून हवे होते. दादा नाही म्हणाले, घरी एकटा माणूस टीव्हीवर बघेल तेव्हा ते चार सेकंद मेलेले वाटतील, नाटकातला नट हशा संपेपर्यंत थांबू शकतो, सिनेमाला ते जमत नाही. दोन दिवस वाद चालला. शेवटी एक न वापरलेला शॉट सापडला, कपाटाचं दार आतून हळूच, अगदी हळूच ओढून घेतलं जातं. तीन सेकंद दहा फ्रेम. एकटा बघणाऱ्याला तो वेगळा जोक वाटतो आणि भरलेल्या हॉलमध्ये कोणाला तो दिसतही नाही, हसत असतात. त्या शॉटला सबटायटल लागत नाही.